संकलन कक्षातील दोषशोधन : कार्यक्रम प्रेक्षकांपर्यंत निर्दोष कसा पोहोचतो?

दूरचित्रवाणीवर सायंकाळी साडेसहा वाजता दाखवावयाचा पाठ साडेसहालाच सुरू व्हावा लागतो. वर्तमानपत्रातील चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते, पाठ्यपुस्तकाला शुद्धिपत्र जोडता येते. परंतु ठरलेल्या वेळी प्रक्षेपित न झालेला किंवा शिक्षकाचा आवाजच ऐकू न आलेला पाठ त्या दिवशी संचासमोर बसलेल्या विद्यार्थ्यापुरता हुकलेला असतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरून इयत्ता पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका प्रक्षेपित झाली. ज्या घरांत इंटरनेटची सोय नव्हती, तेथे दूरचित्रवाणी संच हाच त्या काळात वर्ग झाला होता. अशा वेळी कार्यक्रमाची तांत्रिक शुद्धता हा केवळ तंत्रज्ञांच्या जिव्हाळ्याचा विषय राहत नाही.

आता शैक्षणिक संस्था, शासकीय कार्यालये आणि स्वयंसेवी संस्थाही माहितीपट आणि पाठ तयार करून घेतात. निर्मितीचे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवले, तरी कार्यक्रम मागवणाऱ्या अधिकाऱ्याला काही गोष्टी ठाऊक असणे आवश्यक असते. कार्यक्रम वाहिनीकडून परत आला, की ‘संगणक बिघडला होता’ असे उत्तर मिळते. वस्तुतः पुष्कळ दोषांचे मूळ संगणकात नसते. ते चित्रीकरणाच्या पहिल्या तासात किंवा अटी लिहून न ठेवण्यात असते. दोष जेथे दिसतो, तेथेच तो निर्माण झाला असे समजणे ही या क्षेत्रातील सर्वांत खर्चिक चूक होय.

फितीपासून फाईलपर्यंत

१९५६ मध्ये अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने दूरचित्रवाणीसाठी उपयुक्त असे चित्रफीत यंत्र प्रथम सादर केले. त्या काळी दोन इंच रुंदीची फीत पात्याने कापून आणि चिकटवून संकलन केले जाई. पुढे एका यंत्रावरील दृश्य दुसऱ्या यंत्रावर उतरवून घेण्याची पद्धत आली. मात्र प्रत्येक नव्या प्रतीबरोबर चित्र थोडे थोडे फिके होत असे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण आले. १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि २०१७ मध्ये बंद झालेल्या ‘बालचित्रवाणी’ या संस्थेने मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती केली. तिच्या कार्यकाळातच निर्मितीतंत्र फितीकडून संगणकाकडे वळले. अमेरिकेतील एव्हिड कंपनीची संगणकावर आधारलेली संकलनप्रणाली १९८९ मध्ये पुढे आली. कोणतेही दृश्य क्षणात काढावे, हवे तेथे ठेवावे, नको असल्यास उचलावे आणि मूळ चित्रणाला धक्काही लागू नये, ही सोय त्यामुळे झाली.

या सोयीबरोबर एक नवी अडचणही आली. फितीचे यंत्र एका ठरावीक मापाचेच चित्र नोंदवीत असे. संगणक मात्र कोणत्याही मापाचे, कोणत्याही वेगाचे चित्र विनातक्रार स्वीकारतो. एकाच कार्यक्रमात व्यावसायिक कॅमेऱ्याचे, मोबाईलचे, जुन्या फितीचे आणि इंटरनेटवरून घेतलेले चित्र एकत्र येऊ शकते. त्यांतील विसंगती संकलन करताना लपून राहते आणि प्रक्षेपणाच्या दाराशी उघडी पडते.

साखळीतील दुवे

कार्यक्रमाच्या प्रवासाकडे एक साखळी म्हणून पाहावे. कॅमेरा आणि मायक्रोफोन हा पहिला दुवा. चित्रण साठवणारी हार्ड डिस्क हा दुसरा, संगणक व त्यावरील संकलनप्रणाली हा तिसरा, तर पाहण्याचा पडदा आणि ऐकण्याचे ध्वनिक्षेपक हा चौथा. पूर्ण झालेल्या कार्यक्रमाची अंतिम फाईल हा पाचवा दुवा आणि वाहिनीकडील तपासणी व प्रक्षेपण हा सहावा. दोषशोधनाचा मूलभूत नियम असा, की उपाय करण्यापूर्वी दुवा निश्चित करावा.

त्यासाठी अनुभवी तंत्रज्ञ तीन प्रश्न विचारतात. दोष प्रत्येक वेळी त्याच जागी येतो काय? तीच फाईल दुसऱ्या संगणकावर चालवली असता दोष दिसतो काय? आणि दोष दिसण्यापूर्वी शेवटचा बदल कोणता केला होता? दोष नेहमी त्याच जागी येत असेल, तर तो बहुधा चित्रणात किंवा फाईलमध्ये असतो. तो जागा बदलत असेल, तर यंत्रावर, म्हणजे डिस्क, स्मृती, उष्णता किंवा वीजपुरवठा यांवर संशय घ्यावा. दुसऱ्या संगणकावर फाईल निर्दोष चालली, तर फाईल दोषमुक्त ठरते आणि निम्मे काम संपते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदल वहीत नोंदवावा आणि मग पुन्हा पाहावे. एकाच वेळी केबल, प्रणाली आणि डिस्क अशा तिन्ही गोष्टी बदलल्या, तर दोष जाईलही. परंतु तो कशाने गेला हे कळत नाही आणि पुढील आठवड्यात तो परत आला की शोध पुन्हा प्रारंभापासून करावा लागतो.

चालू कामाच्या मध्येच संकलनप्रणालीची नवी आवृत्ती बसवणे हेही टाळावे. काम पूर्ण होऊन फाईल स्वीकारली जाईपर्यंत यंत्राची घडी आहे तशीच ठेवणे, हा जगभरच्या संकलन कक्षांत पाळला जाणारा शिरस्ता आहे.

वेगाचा मेळ

भारतातील दूरचित्रवाणी सेकंदाला २५ चौकटींच्या मापावर उभी आहे. म्हणजे एका सेकंदात २५ संपूर्ण चित्रे दाखवली जातात. या मापाचे नाते आपल्या ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याशी आहे. अमेरिका व जपान येथे हे माप सेकंदाला जवळजवळ ३०, काटेकोरपणे सांगावयाचे तर २९.९७ चौकटींचे आहे. पुष्कळसे मोबाईल मुळातून ३० चौकटींवर ठरवलेले असतात. असे चित्रण २५ चौकटींच्या कार्यक्रमात घातले, की संगणकाला दर सहा चौकटींतील एक वगळावी लागते. चालणारा माणूस किंवा सरकणारा कॅमेरा मग हिसके देत असल्यासारखा दिसतो. हा दोष संकलकाचा नसतो आणि यंत्राचाही नसतो. चित्रीकरणापूर्वी मोबाईलचे माप २५ वर ठेवले असते, तर तो उद्भवलाच नसता.

याच कारणाने आणखी एक दोष उद्भवतो. ५० हर्ट्झच्या विजेवरील काही नळीदिवे आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते जाणवत नाही. पण कॅमेऱ्याच्या झडपेचा वेग सेकंदाचा साठावा भाग ठेवला असल्यास चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. झडपेचा वेग सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवल्यास हे पट्टे बव्हंशी नाहीसे होतात. वर्गखोलीत पाठाचे चित्रण करणाऱ्या शिक्षकाने एवढे जरी लक्षात ठेवले, तरी एका दुरुस्त न होणाऱ्या दोषापासून सुटका होते. पट्टे एकदा चित्रात उमटले, की ते पूर्णपणे काढणे अतिशय कठीण असते.

मोबाईलच्या चित्रणात एक छुपी अडचण असते. बरेच मोबाईल प्रकाश आणि यंत्रावरील भार पाहून चौकटींचा वेग आपोआप कमी-अधिक करतात. परिणामी आरंभी जुळलेले ओठ व शब्द काही मिनिटांनी एकमेकांपासून दूर जातात. येथे निदान सोपे आहे. आवाज प्रारंभापासून अखेरपर्यंत सारखाच मागे असेल, तर तो एकदा सरकवून जुळवता येतो. अंतर हळूहळू वाढत असेल, तर चित्राचा किंवा ध्वनीचा वेगच जुळलेला नाही असे समजावे. मूळ चित्रण प्रथम स्थिर २५ चौकटींमध्ये रूपांतरित करून घ्यावे आणि नंतरच संकलनास आरंभ करावा.

चित्र अडखळते तेव्हा

संकलन करताना चित्र थांबत-थांबत पुढे सरकणे ही सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार होय. त्यावर नवा संगणक घ्यावा, असा सल्ला चटकन दिला जातो. परंतु अडखळण्याची दोन अगदी भिन्न कारणे असतात आणि त्यांचे उपायही भिन्न असतात.

पहिले कारण माहितीच्या प्रवाहाचे. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे एचडी चित्र मुळीच न आवळता साठवले, तर साध्या प्रतीतही सेकंदाला सुमारे १०४ मेगाबाइट माहिती वाचावी लागते. एका सामान्य फिरत्या हार्ड डिस्कचा वाचनवेग सेकंदाला साधारणतः १५० मेगाबाइटच्या आसपास असतो. म्हणजे अशी दोन चित्रे एकावर एक ठेवताच डिस्क अपुरी पडते. डिस्क काठोकाठ भरत आली, की वेग आणखी घटतो. येथे वेगवान डिस्क किंवा अनेक डिस्कचा संच हाच उपाय आहे. प्रक्रियक बदलून काही साधत नाही.

दुसरे कारण याच्या उलट आहे. मोबाईलवरील आणि लहान कॅमेऱ्यांवरील चित्रण फार आवळलेले असते. जागा वाचावी म्हणून त्यात प्रत्येक चौकट पूर्ण ठेवत नाहीत. एक चौकट पूर्ण ठेवून पुढील चौकटींत केवळ झालेला फरक नोंदवतात. असे चित्रण पाहताना संगणकाला प्रत्येक क्षणी मागच्या-पुढच्या चौकटींवरून चित्र पुन्हा रचावे लागते. डिस्कवर भार नसतो, प्रक्रियक मात्र घामाघूम होतो. येथे महागडी डिस्क घेऊन फायदा नाही. अशा चित्रणाची संकलनास सुलभ अशी हलकी प्रत तयार करावी आणि तिच्यावर काम करावे. संगणकाच्या कार्यदर्शक पटलावर डिस्क आणि प्रक्रियक यांचा भार शेजारी-शेजारी दिसतो. चित्र अडखळत असताना त्यांपैकी कोण पूर्ण भरलेला आहे हे पाहिले, की कारण दोन मिनिटांत स्पष्ट होते.

हलक्या प्रतीवर काम करताना एक दक्षता अवश्य घ्यावी. अंतिम फाईल काढण्यापूर्वी मूळ चित्रण पुन्हा जोडले गेले आहे याची खात्री करावी. ती न केल्यास संपूर्ण कार्यक्रम धूसर निघतो आणि ते संकलन कक्षातील लहान खिडकीत ध्यानातही येत नाही.

आपल्याकडील हवामानाचाही येथे विचार करावा लागतो. संगणकाचा प्रक्रियक मर्यादेबाहेर तापला, की स्वतःच्या रक्षणासाठी तो वेग कमी करतो. सकाळी सुरळीत चालणारे काम दुपारी रेंगाळू लागले, तर पंखे आणि जाळ्या यांवरील धूळ प्रथम पाहावी. वीज अचानक गेल्यास लिहिली जात असलेली फाईल अपुरी राहते, म्हणून संकलनाच्या संगणकाइतकेच बाहेरच्या डिस्क-संचालाही अखंड वीजपुरवठा यंत्र जोडलेले असावे.

‘चित्रण सापडत नाही’ असा संदेश पडद्यावर आला, की नवशिके घाबरतात. संकलनाच्या फाईलमध्ये प्रत्यक्ष चित्र नसते. चित्र कोठे ठेवले आहे याचा केवळ पत्ता असतो. डिस्कचे नाव किंवा फोल्डरची जागा बदलली, की पत्ता चुकतो. चित्रण पुसले गेले असे त्यामुळे सिद्ध होत नाही. नवा पत्ता दाखवून दिला, की काम पूर्ववत चालते. मात्र काम दुसरीकडे नेताना केवळ संकलनाची फाईल उचलली आणि चित्रण जुन्या संगणकावरच राहिले, तर नवा पत्ता दाखवायला काही उरत नाही.

संगणकाचा पडदा आणि घरातील संच

संगणकाच्या पडद्यावर सुरेख दिसणारे चित्र घरच्या संचावर तसेच दिसेल असे नाही. एचडी प्रक्षेपणात पुष्कळदा प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत पाठवली जाते. आधी एकाआड एक रेषा, नंतर राहिलेल्या रेषा. या अर्धचौकटींना फील्ड म्हणतात. सेकंदाला २५ चौकटी म्हणजे ५० फील्ड. त्यांचा क्रम उलटला, तर हलणारी वस्तू क्षणोक्षणी पुढे-मागे थरथरते. स्थिर चित्रात हा दोष मुळीच दिसत नाही आणि संगणकाचा पडदा तो बऱ्याचदा झाकून टाकतो. एचडीमध्ये वरचे फील्ड प्रथम असते. जुन्या डीव्ही फितींवर मात्र खालचे फील्ड प्रथम असे. जुने चित्रण नव्या कार्यक्रमात घेताना हा फरक लक्षात घेतला नाही, की थरथर हमखास उद्भवते. म्हणून संकलन कक्षात प्रक्षेपणाच्या मापाचा एक संच स्वतंत्रपणे जोडलेला असणे ही चैन मानू नये.

काळा आणि पांढरा यांच्या मापांतही असाच भेद आहे. संगणक काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ हा अंक देतो. दूरचित्रवाणीत त्याच आठ-बिट मोजणीवर काळा १६ आणि पांढरा २३५ असतो. एका मापाचे चित्र दुसऱ्या मापाचे समजून वाचले गेले, तर ते एक तर धुरकट, राखाडी दिसते किंवा सावल्यांतील सर्व तपशील काळ्यात बुडून जातो. असे दिसताच रंगांची दुरुस्ती करत बसू नये. आधी फाईलवर कोणते माप नोंदले आहे ते पाहावे.

जुने ४:३ प्रमाणातील चित्र ताणून १६:९ च्या पडद्यावर बसवणे ही आणखी एक सर्रास आढळणारी चूक होय. त्यामुळे माणसे आडवी फुगलेली दिसतात. दोन्ही बाजूंना काळी जागा सोडून मूळ प्रमाण राखणे हेच योग्य.

मराठी अक्षरांबाबत विशेष दक्षता हवी. काही संकलनप्रणालींत भारतीय लिप्यांसाठीची जुळणी स्वतंत्रपणे निवडावी लागते. ती न निवडल्यास ऱ्हस्व इकार अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडतो आणि जोडाक्षरे सुटी होतात. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला आणि तेथे तो फाँट नसला, की अर्थहीन चिन्हे दिसतात. गावांची व व्यक्तींची नावे यांत हमखास बिघडतात. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असावा आणि अंतिम फाईल तयार झाल्यानंतर प्रत्येक पाटी मराठी जाणणाऱ्या व्यक्तीने पुन्हा वाचावी. काही संच चित्राच्या कडा कापून दाखवतात, यास्तव अक्षरे काठाला चिकटवू नयेत.

आवाज हरवतो कोठे?

प्रेक्षक फिके चित्र सहन करतो, परंतु न समजणारा आवाज तो सहन करू शकत नाही. शैक्षणिक पाठात तर आवाज गेला म्हणजे पाठच गेला.

ध्वनीतील सर्वांत फसवा दोष उलट्या जोडणीचा असतो. मायक्रोफोनच्या केबलमधील दोन तारांची अदलाबदल झाली, तर डाव्या आणि उजव्या मार्गावर तोच आवाज एकमेकांविरुद्ध दिशेने नोंदवला जाऊ शकतो. हेडफोनवर तो थोडा पोकळ वाटतो, पण ऐकू येतो. एकच ध्वनिक्षेपक असलेल्या संचात मात्र दोन्ही मार्ग एकत्र मिळतात आणि एकमेकांना खोडून काढतात. मागचे संगीत वाजत राहते आणि शिक्षकाचा आवाज नाहीसा होतो. हा दोष शहरातील कक्षात कोणाच्याही कानी येत नाही आणि साध्या संचाच्या घरात पाठ मुका होतो. उपाय अगदी सोपा आहे. अंतिम तपासणीत एकदा दोन्ही मार्ग एकत्र करून संपूर्ण कार्यक्रम ऐकावा. आवाज पातळ झाला, तर एका मार्गाची दिशा उलटवली की दुरुस्ती होते.

दुसरा प्रश्न आवाजाच्या पातळीचा. एकामागून एक येणाऱ्या कार्यक्रमांत आणि जाहिरातींत आवाज कमी-अधिक झाला, की प्रेक्षकाला सारखे बटण फिरवावे लागते. यासाठी युरोपीय प्रक्षेपण संघाने २०१० मध्ये आर १२८ ही शिफारस प्रसिद्ध केली. तीनुसार संपूर्ण कार्यक्रमाचा सरासरी जाणवणारा आवाज उणे २३ एलयूएफएस असावा. अमेरिकेत ही पातळी उणे २४ आहे. येथे शून्य म्हणजे अंकीय ध्वनीची कमाल मर्यादा आणि उणे अंक म्हणजे तिच्या खाली राखलेले अंतर. मोबाईलसाठी किंवा इंटरनेटसाठी तयार केलेला कार्यक्रम बहुधा यापेक्षा बराच मोठा असतो. तोच जसाच्या तसा वाहिनीकडे पाठवल्यास तो नाकारला जाण्याचा संभव असतो. आपल्या कार्यक्रमाला कोणती पातळी लागू आहे, हे संबंधित वाहिनीकडून लेखी घ्यावे.

वाहिनीच्या दाराशी

पूर्वी कार्यक्रम म्हणजे हाती देता येणारी कॅसेट होती. आता तो फाईलच्या रूपाने दिला जातो. ब्रिटनमधील प्रमुख वाहिन्यांनी १ ऑक्टोबर २०१४ पासून ठरावीक स्वरूपातील फाईल हे कार्यक्रम स्वीकारण्याचे प्रमाण माध्यम ठरवले. व्यावसायिक देवाणघेवाणीत एमएक्सएफ हे स्वरूप प्रचलित आहे. या फाईलला पेटीची उपमा देता येईल. पेटीच्या आत चित्र कोणत्या पद्धतीने आवळले आहे, ध्वनीचे किती मार्ग आहेत, काळसंकेत कोठून सुरू होतो, हे सर्व स्वतंत्रपणे ठरवावे लागते. ‘एमएक्सएफ द्या’ एवढ्याने काम भागत नाही. उदाहरणार्थ, सेकंदाला ५० मेगाबिट या प्रचलित मापाने अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाचे केवळ चित्रच सुमारे ११ गिगाबाइट होते.

येथेच एक साधा अपघात घडतो. फॅट ३२ या जुन्या पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही. पेनड्राइव्ह ६४ गिगाबाइटचा असूनही प्रत होत नाही आणि ऐनवेळी धावपळ होते. एक्सफॅट पद्धतीने तो आधीच तयार करून ठेवल्यास ही अडचण राहत नाही. प्रत केल्यानंतर मूळ फाईल आणि प्रत यांची पडताळणी-संख्या जुळवून पाहावी. फाईलमधील माहितीवरून संगणक ही संख्या काढतो. एक बिट जरी बदलला, तरी संख्या बदलते. ती जुळली, की वाटेत फाईल बिघडलेली नाही असे खात्रीने सांगता येते.

वाहिनीकडे संगणक प्रथम फाईल तपासतो. काळ्या चौकटी, गोठलेले चित्र, शांत झालेला ध्वनी, मर्यादेबाहेरचे रंग आणि आवाजाची पातळी या गोष्टी तो दाखवून देतो. परंतु शिक्षकाने फळ्यावर चुकीचे उत्तर लिहिले आहे, किंवा पाटीवरील गावाचे नाव अशुद्ध आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून अंतिम फाईल आरंभापासून अखेरपर्यंत एका माणसाने न थांबता पाहिलीच पाहिजे. संकलनप्रणालीतील काम पाहणे आणि बाहेर काढलेली फाईल पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. फाईल काढताना उद्भवलेला दोष फाईलमध्येच दिसतो.

या तपासण्यांमागे केवळ नीटनेटकेपणाचा आग्रह नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या मुलांच्या मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा लखलखला आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही व्यक्तींना फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. त्यामुळे पडद्याचा मोठा भाग व्यापणारे लखलखाट एका सेकंदात तीनपेक्षा अधिक नसावेत, असा दंडक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात स्वीकारला गेला आहे. लग्नसमारंभाच्या चित्रफितींतून उचललेले झगमगाटाचे परिणाम मुलांच्या कार्यक्रमात वापरू पाहणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

प्रती आणि जतन

हार्ड डिस्क कधी ना कधी निकामी होते, हे गृहीत धरूनच व्यवस्था करावी. अनेक डिस्कचा संच एखादी डिस्क बिघडल्यास काम चालू ठेवतो; परंतु चुकून पुसलेली फाईल, आग किंवा चोरी यांपासून तो वाचवीत नाही. म्हणून तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत, असा साधा नियम सांगितला जातो. कॅमेऱ्यातील कार्ड पुसण्यापूर्वी किमान दोन प्रती झाल्या आहेत व त्या उघडून पाहिल्या आहेत, याची नोंद असावी. जिल्ह्यातील लोककला, जुन्या शिक्षकांचे पाठ, दुष्काळातील जलसंधारणाची कामे यांचे चित्रण पुन्हा करता येत नाही.

कार्यक्रम मागवणाऱ्यांची जबाबदारी

तंत्रज्ञाचे काम तंत्रज्ञाने करावे, हे योग्यच. तथापि कार्यक्रम मागवणाऱ्या कार्यालयाने किंवा संस्थेने पुढील पाच गोष्टी केल्या, तर बहुतेक दोष उगमापाशीच थांबतील.

एक, वाहिनीच्या तांत्रिक अटी चित्रीकरणापूर्वी लेखी मागवाव्यात आणि त्यांची प्रत निर्मिती संस्थेशी होणाऱ्या कराराला जोडावी. दोन, चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसाचे एक मिनिट संकलित करून त्याची फाईल वाहिनीकडे चाचणीसाठी पाठवावी. मापातील चूक तेव्हाच उघडकीस येते आणि पुढील चित्रीकरण वाया जात नाही. तीन, प्रक्षेपणाच्या तारखेपूर्वी तपासणी आणि दुरुस्ती यांसाठी स्वतंत्र दिवस राखून ठेवावेत. संकलन संपले त्याच रात्री फाईल पाठवावी लागणे हे नियोजनातील उणिवेचे लक्षण होय. चार, अंतिम फाईल साध्या, एका ध्वनिक्षेपकाच्या संचावर पूर्ण पाहावी आणि पाहणाऱ्याने वेळेनुसार नोंद करून सही करावी. पाच, देयक चुकते करण्यापूर्वी अंतिम फाईलबरोबर मूळ चित्रण आणि संकलनाची फाईलही ताब्यात घ्यावी. म्हणजे पुढे एखादी आकडेवारी किंवा पाटी बदलावयाची झाल्यास सर्व काम नव्याने करावे लागत नाही.

यांपैकी एकाही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही आणि खर्चही फारसा येत नाही. शाळेतील शिक्षकाने किंवा ग्रामपंचायतीच्या सदस्यानेही आपल्या गावी दिसलेला दोष केवळ ‘कार्यक्रम नीट दिसला नाही’ असा न कळवता दिनांक, वेळ, संचाचा प्रकार आणि नेमके काय बिघडले होते, एवढ्या चार गोष्टींसह कळवावा. चित्र गेले की आवाज, एकाच संचावर की शेजारच्या संचावरही, आरंभापासून की मध्येच, हे समजले, तर दोष केबलचालकाकडे आहे, प्रक्षेपणात आहे की फाईलमध्येच आहे, हे ठरवणे सुकर होते. साखळीच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या प्रेक्षकाची अशी अचूक नोंद पहिल्या दुव्यापर्यंत पोहोचली, तर पुढील पाठ त्या गावातील मुलांना स्पष्ट दिसेल आणि ऐकूही येईल.